निरोगी गटातल्या जाऊबाई

आमच्या जाऊबाईंना एका जागी बसता येत नाही. पायाला भिंगरी म्हणतात ती यांच्याकडे बघूनच म्हणत असतील. मी खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसलेली असते आणि या माझ्या पाठीमागून स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. मध्येच पडदा सरकवतील, मध्येच मी कापून ठेवलेली बाही उचलून बघतील आणि दुसऱ्याच ब्लाउजवर ठेवून देतील. मी ओरडले की म्हणतात, "अगं, नीट लावत होते." माझं डोकं तिथूनच तापायला लागतं.

मी धाकटी, त्या थोरल्या. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही आम्हाला मागे ठेवून गेले, आणि राहिल्या या दोन जावा, दोन खोल्या आणि एक मशीन. मी कपडे शिवते, आल्टर करते. त्या एका मोठ्या कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डवर होत्या. कुठल्या साहेबाचा नंबर कोणता, कोणाची बायको किती वाजता फोन करते, कोणत्या साहेबाला त्या वेळी 'मीटिंगमध्ये' ठेवायचं, सगळं डोक्यात. रिटायर झाल्या आणि घर डोक्यावर घेतलं. कपाटं आवरून झाली, शेजारणींची कपाटं आवरून झाली. मग एक दिवस बसस्टॉपवर त्यांना कागद चिकटवलेला दिसला. विद्यापीठाला साठीच्या पुढची, धडधाकट, हिंडतीफिरती माणसं हवी होती. मोबदला म्हणून बसभाडं आणि चहा.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही.

विद्यापीठात इतक्या गोष्टींवर संशोधन चालतं हे मला जाऊबाईंच्या अंगावरून कळलं. अक्षरशः अंगावरून. एके दिवशी गुडघ्यांवर चकचकीत टिकल्या चिकटवून घरी आल्या, काढायच्या विसरल्या होत्या. इंजिनिअरिंगवाल्यांनी त्यांना लोखंडी पट्टीवरून चालायला लावलं होतं, म्हाताऱ्या माणसांचा तोल कसा जातो ते बघायला. पुढच्या आठवड्यात अन्नविज्ञानवाल्यांकडे कानांवर हेडफोन लावून बिस्किटं खाल्ली. आवाज कुरकुरीत ऐकू आला तर शिळं बिस्किटही ताजं लागतं का, असा त्यांचा प्रश्न. रसायनवाल्यांनी बाटल्या हुंगायला दिल्या. एका ठिकाणी यंत्रमानव होता, तो त्यांच्या हातात पाण्याचा पेला द्यायला शिकत होता. घरी येऊन मला म्हणाल्या, तो तुझ्यापेक्षा बरा, भांडी आपटत नाही.

मॅनेजमेंटची इमारत त्यांना सगळ्यात आवडायची. तिथे गालिचा आहे आणि खोटं दुकान आहे. फळ्यांवर खरे डबे, पण विकायचे नाहीत. कॅमेऱ्याचा चष्मा घालून हिंडायचं आणि गिऱ्हाइकाची नजर आधी कुठे जाते ते त्यांना समजतं. त्याच इमारतीत एकदा घासाघीस करायला बसवलं. समोर एक विद्यार्थी, विकायला एक न दिसणारी जुनी गाडी. जाऊबाईंनी त्याला असा पिळला की तो रडवेला झाला, आणि त्याच्या सरांनी येऊन, मावशी, हे खरं नाहीये, अशी आठवण करून दिली.

"नमुना तर तुम्ही आहातच," मी म्हणाले होते, "आता विद्यापीठानेही मान्य केलं."

त्या खूश. भिंतीवरच्या खिळ्याला त्यांचे गळ्यात घालायचे पट्टे लटकलेले, निळे, हिरवे, पिवळे, प्रत्येक विभागाचा वेगळा. मी त्याला तोरण म्हणायचे. चिडवायचे खरं, पण संध्याकाळी त्या आल्या की मशीनचं चाक थांबवून आधी विचारायचे, आज काय केलं तुमचं? दिवसभर मी चेन आणि हुक बघितलेले असायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे आता सांगायला काही हरकत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्या विभागांत सारखी होती. म्हातारं माणूस प्रयोगाला घ्यायचं तर आधी त्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, ते तपासायचं. त्यासाठी एकच छोटी परीक्षा सगळीकडे चालायची. घड्याळ काढा, पावणेतीन वाजलेले दाखवा. शंभरातून सात सात वजा करा. आणि पाच शब्द ऐका, थोड्या वेळाने परत सांगा. इंजिनिअरिंगला तेच पाच, बिस्किटवाल्यांना तेच पाच. आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडेही तोच कागद. प्रत्येकाला वाटायचं, या बाई आपल्याकडे पहिल्यांदाच आल्यात.

त्या परीक्षेत जाऊबाईंना कायम पैकीच्या पैकी. मानसशास्त्रात एक संशोधक मुलगी आहे, केस सतत कपाळावर, म्हणून यांनी तिचं नाव झिपरी ठेवलंय. ती पीएचडीसाठी स्मरणशक्तीवर काम करते. तिच्याकडे दोन गट. एका गटात विसर पडू लागलेली माणसं, दुसऱ्यात तशीच वयस्कर पण निरोगी माणसं, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून फरक बघता येतो. जाऊबाई निरोगी गटात. झिपरी म्हणे त्यांना म्हणाली, मावशी, तुमच्यासारखी माणसं मिळाली म्हणून माझं काम चाललंय. ते वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलं की मला पाठ झालं.

आणि याच सुमारास घरात गोष्टी चुकायला लागल्या.

सुरुवातीला मी लक्ष दिलं नाही. दूध उतू जातं, कोणाचं जात नाही? चष्मा फ्रीजमध्ये सापडला तेव्हा आम्ही दोघी हसलो. मग एकदा त्या बाजारातून आल्या त्या खालच्या मजल्यावरच्या दाराला किल्ली लावत उभ्या. मी जिन्यातून बघितलं. किल्ली फिरेना तशा त्या दारावरच चिडल्या. मला बघून म्हणाल्या, कुलूप खराब झालंय. आमच्या दाराचा रंग वेगळा आहे हो.

त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो. त्याला मुलगा झाला, सून सहा महिन्यांनी कामावर जाणार, आणि ठरलं की आईने यावं आणि बाळाला सांभाळावं. दिवसभर बाळ आणि त्या, दोघंच. जाऊबाईंनी फोन ठेवला आणि खोलीभर फिरत राहिल्या, बॅग काढली, पुन्हा वर ठेवली, पुन्हा काढली. मी मशीनवर बसून सरळ शिवण वाकडी घातली आणि सगळी उसवली.

मला झोप लागेना, जेवण जाईना. मनात एकच. गॅसवर दूध, पाळण्यात बाळ, आणि या दाराला किल्ली लावत कुठेतरी भलत्याच मजल्यावर.

शेवटी मी पुतण्याला फोन केला. आडून आडून बोलायचा माझा स्वभाव नाही. तुझी आई विसरायला लागलीये, असं सरळ सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला की आई दर महिन्याला कुठे ना कुठे परीक्षा देते, विद्यापीठातले लोक तिला निरोगी म्हणून वापरतात, डॉक्टरांनीही तपासलं, सगळीकडे पैकीच्या पैकी. तू शिलाई करतेस काकू, तू कधीपासून हे ठरवायला लागलीस, असं तो म्हणाला नाही, चांगला मुलगा आहे. पण जे म्हणाला ते जास्त लागलं.

"काकू, आई इकडे आली तर तू एकटी पडशील. ते सरळ बोल ना. त्यासाठी तिच्यात खोट कशाला काढतेस?"

मी फोन आपटला. आणि मग दिवसभर स्वतःशीच भांडत राहिले, कारण त्यात खोटं काही नव्हतं. मला एकटं राहायचं नव्हतंच. त्या गेल्या तर या दोन खोल्यांत मी आणि मशीन. मग मी बघतेय ते खरं, की मला तेच बघायचंय? दूध उतू गेलं की मला वाईट वाटतं, की आत कुठेतरी बरं वाटतं? मला माझीच शिसारी आली. कात्री हातात घेतली आणि एका गिऱ्हाइकाची चांगली पँट आखूड कापून ठेवली.

आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा एक पांढरा डबा टांगलेला होता. पर्यावरणवाल्यांचा. घरातली हवा कशी असते ते मोजायला. महिन्याने एक तरुण मुलगा आला, डबा काढला, लॅपटॉपला जोडला. पडद्यावर सपाट रेघ, मध्येच उंच सुळके. तो गमतीने म्हणाला, "तुमच्याकडे दर दोन-चार दिवसांनी काहीतरी जळतं का हो?"

जाऊबाई चटकन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही आमची. भाजी टाकते आणि मशीनवर जाऊन बसते."

मी उसळून तोंड उघडलं. माझ्या हातून या घरात कधी भाजी करपली नाही. पण तेवढ्यात त्यांच्याकडे बघितलं. ओठ हसत होते, डोळे नाही. परक्या दाराला किल्ली लावताना होते तसे होते ते, घाबरलेले, आणि मला विनवणारे. मी म्हणाले, हो, माझंच लक्ष नसतं. मुलाने डबा पिशवीत घातला, आभार मानले आणि गेला.

म्हणजे यांना माहीत होतं.

त्यानंतर मी त्यांच्या पाठीमागे कान लावून असायचे. भांडी घासताना त्या पुटपुटायच्या हे मला आधीही ऐकू यायचं, पण मी समजायचे, जुने टेलिफोन नंबर घोकत असतील, सवय आहे. आता नळ बंद होता तेव्हा नीट ऐकलं. चमचा, डोंगर, कापूस, घंटा, जांभळा. पुन्हा. चमचा, डोंगर, कापूस, घंटा, जांभळा. मग ओट्यावर ओल्या बोटाने एक गोल काढला, त्यात दोन काटे. पावणेतीन.

मी दारातच उभी राहिले. म्हणजे सगळीकडचे ते पैकीच्या पैकी या ओट्यावरून आले होते. एखाद्या पोरीने परीक्षेआधी कविता पाठ करावी तशी या बाईने आपली अक्कल ठिकाणावर असल्याची खूण पाठ केली होती, आणि इतक्या विभागांत आणि एका दवाखान्यात ती चालून गेली होती.

सांगायचं तर कोणाला? पुतण्या म्हणणार, बघ, काकूने आणखी एक काढलं. यांना तोंडावर विचारावं तर त्या डोळ्यांना काय उत्तर देऊ? एरवी माझ्या तोंडाला लगाम नाही, शेजारपाजार जाणतो. तो आठवडा मी घरात पाय आपटत फिरले आणि बोलले एक अक्षर नाही. उलट त्याच मला म्हणाल्या, तुला झालंय काय, एका जागी बस की.

मुलाकडे जायचा दिवस जवळ आला. बॅग भरून दारापाशी. त्या दुपारी मी काज करत होते. जाऊबाई येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. बसल्या म्हणूनच मी चपापले.

"काम थांबव," त्या म्हणाल्या. "मला पाच शब्द दे."

"कसले शब्द?"

"नवे. तुझ्या मनाचे. शिवणातले नकोत, ते इथे समोर पडलेत." मग खाली बघून म्हणाल्या, "ते तिकडचे मी पाठ केलेत गं. मला ते कधीचेच पाठ आहेत. त्यांचं काही खरं नाही. बाळ हातात घ्यायचं का नाही ते मला तुझ्याकडून पाहिजे."

माझ्या हातातली सुई बोटात गेली. मी म्हणाले, माझ्याकडून कशाला, मोठा डॉक्टर बघू, तिथे वेगळी परीक्षा असेल. त्यांनी मान हलवली. डॉक्टर गोड बोलेल, मुलगा रडेल, त्या म्हणाल्या. तू आयुष्यात मला कधी गोड बोलली नाहीस.

मग मी दिले. छत्री, मीठ, वकील, शिडी, हिरवा. एक एक, सावकाश. त्यांनी माझ्यामागून म्हटले, पुन्हा म्हटले. मग मी त्यांना धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लावल्या, शंभरातून सात वजा नको म्हणून ऐंशीतून तीन करायला लावले, आणि मधल्या वेळात सुनेबद्दल काहीबाही विचारत राहिले. त्या मोकळेपणाने बोलत होत्या. माझाच जीव टांगणीला लागला होता. मी मनातल्या मनात घोकत होते, छत्री, मीठ, वकील, जणू मी घोकलं की त्यांना आठवेल.

घड्या संपल्या. मी म्हणाले, सांगा आता.

"छत्री," त्या लगेच म्हणाल्या.

मला इतकं बरं वाटलं की मी पुढे झुकले. त्या खिडकीकडे बघत राहिल्या. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती, लाथा मारल्याचा आवाज येत होता. मग जाऊबाईंचा चेहरा एकदम उजळला आणि एका दमात म्हणाल्या, "चमचा, डोंगर, कापूस, घंटा, जांभळा." आणि माझ्याकडे वळून, "बरोबर?"

हो म्हटलं असतं तर त्या हसत गेल्या असत्या. काकूने आईला धरून ठेवलं असं कोणी म्हटलं नसतं. नाही म्हटलं तर त्या माझ्याजवळ राहणार होत्या, जे मला हवंच होतं, आणि म्हणून तो शब्द माझ्या तोंडून निघेना. उभ्या जन्मात लोकांना फटाफट नाही म्हणत आले. उधार शिवणार नाही, दोन दिवसांत देणार नाही, हे कापड चांगलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

"किती बरोबर?"

"एक."

त्या बसून राहिल्या, मांडीवर घडी केलेला टॉवेल घेऊन. इतका वेळ एका जागी बसलेल्या मी त्यांना त्यांचा नवरा गेला त्या दिवशीही बघितलं नव्हतं. मला रडू फुटलं. त्या उठल्या, टॉवेल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "फोन लावून दे. नंबर मला आठवतो, पण आत्ता नको."

मुलाशी त्याच बोलल्या. बाळाला घेऊन तुम्हीच इकडे येत जा, मी त्याला एकटी सांभाळणार नाही, असं सांगितलं, आणि का ते सांगितलं. मग त्याने मला फोनवर मागितलं. मला वाटलं, आता बोलेल. त्याने एवढंच विचारलं की, काकू, तू इतके दिवस एकटीने कसं काढलंस. मी जेवलास का म्हणून विचारलं.

दुसऱ्या सकाळी जाऊबाई बाहेर जायची साडी नेसून तयार. कुठे निघालात? विद्यापीठात. मी म्हणाले, आज कशाला, आजच्या दिवस तरी घरी बसा. त्या म्हणाल्या, त्या झिपरीचं मी नुकसान केलंय. तिने मला निरोगी म्हणून धरलं आणि मी पोरीचा सगळा हिशेब बिघडवला. हे त्यांनी ज्या दुःखाने सांगितलं, तेवढं त्यांना स्वतःबद्दलही झालेलं दिसलं नव्हतं. मी मशीनवर कापड टाकलं आणि त्यांच्याबरोबर गेले.

आजवर ऐकलेल्या इमारती मी पहिल्यांदा बघितल्या. जाऊबाई मला दाखवत चालल्या होत्या, इथे बिस्किटं, तिथे यंत्रमानव. मॅनेजमेंटच्या इमारतीपाशी त्या थबकल्या, डावीकडे वळल्या, मग उजवीकडे. मी रस्ता विचारून घेतला.

झिपरीची खोली म्हणजे एक टेबल, दोन संगणक आणि सुकलेलं रोप. मुलगी लहानखुरी, डोळ्यांखाली काळं. जाऊबाईंनी तिला सगळं सांगितलं. ते पाच शब्द, घड्याळ, ओटा. मुलीने केस मागे सारले आणि पेन खाली ठेवलं. ती म्हणाली की तिच्या बाकीच्या चाचण्या दर वेळी नव्या असतात, त्यात खरं ते आलंच असणार, पण कागदावरची नावं काढून टाकलेली असतात आणि कोणाचं काय झालं ते काम संपेपर्यंत उघडायचं नसतं, तसा त्यांचा नियम आहे. शेवटी म्हणाली, मावशी, तुम्हाला निरोगी गटातून काढावं लागेल.

"काढ की," जाऊबाई म्हणाल्या. "आणि दुसऱ्यात घाल. तिकडेही माणसं लागतच असतील ना?"

मुलीने पेन पुन्हा उचललं. "तिकडेच जास्त लागतात," ती म्हणाली. मग सांगितलं की आधी मोठ्या डॉक्टरांकडून तपासणी होईल, आणि त्या गटात प्रत्येकाबरोबर घरातलं एक माणूस लागतं. रोज जवळ असणारं, खरं बोलणारं. जे त्यांना स्वतःला सांगता येणार नाही ते त्या माणसाला विचारतात.

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या मागे अंगठा दाखवला. "ही आहे. खरं बोलते म्हणून बदनाम आहे."

माझ्या गळ्यात जांभळा पट्टा आला. मुलीने खुर्ची ओढून मला समोर बसवलं आणि म्हणाली की आज एकच प्रश्न विचारते, बाकीचे पुढच्या वेळी. गेल्या वर्षभरात यांच्यात काही बदल झालाय, असं तुम्हाला वाटतं का?

हे उत्तर मी किती महिने तोंडात धरून होते. पुतण्याला सांगून झालं होतं, भिंतींना सांगून झालं होतं. आता विचारणारी समोर होती, आणि त्या माझ्या शेजारी बसून पदराच्या टोकाची गुंडाळी करत होत्या.

"सांग ना," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "घरी तर पट्टा चालू असतो."

मी किल्लीपासून सुरुवात केली.